कोमट पाणी

मंगळवार, ९ जानेवारी

आइस्क्रीमची गाडी आली आणि लोविसा जागची हलली नाही! बाहेर उणे अकरा, तरी गल्लीतली सगळी पोरं त्या गाडीच्या टिणटिणाटामागे धावली — एकाच्या पायात तर चक्क बापाचे बूट. आमच्या बाईसाहेब खिडकीशी उभ्या राहून काचेवर वाफ सोडत होत्या. "जा की," म्हटलं, "आईने एक खोकं घ्यायला सांगितलंय शनिवारसाठी." तर म्हणाली, "मला थंड आवडत नाही, आजी."

सात वर्षांची पोर आणि आइस्क्रीम नको! पण खरं सांगायचं तर मला मनातून बरंच वाटलं. माझ्यावर गेली आहे. मीही किती वर्षांत आइस्क्रीमला हात लावलेला नाही. कॉफीसुद्धा मला कोमट लागते, आणि पाव तिच्यात बुडवून. हिलेव्ही, माझी लेक, नाकापासून चालीपर्यंत बापावर गेली. नातीत तरी मी थोडीफार उतरले म्हणायची.

मंगळवार माझा. हिलेव्हीची वृद्धाश्रमात दुपारपाळी असते, म्हणून लोविसाला शाळेतून मी आणते, जेवू घालते, दात घासायला लावते. दात घासणं — नको ते नाव! ब्रश दिसला की तोंड घट्ट. आज तर ब्रश न्हाणीघराच्या कोपऱ्यात भिरकावून दिला. हट्टी. हाही गुण माझाच असणार.

शनिवार, १३ जानेवारी

हिलेव्हीकडे गेले होते. शनिवारचा खाऊ. तिच्या घरी गोड फक्त शनिवारी. माझ्या आईनेही आम्हाला असंच वाढवलं, तेव्हा तक्रार नाही. पण आई निदान हसत द्यायची. हिलेव्ही फ्रिजवरून वाटी अशी खाली काढते की जसा काही औषधाचा डोसच.

लोविसाने मऊ मऊ तेवढं वेचलं. कडक आणि आंबट गोळ्या वाटीतच राहिल्या. "बघ आई, किती संयम आहे पोरीला," हिलेव्ही म्हणाली. मीही मान डोलावली. आम्हा दोघींचं एकमत वर्षातून दोनदा होतं, त्यातलं हे एक.

गुरुवार, १८ जानेवारी

हिलेव्हीचा फोन. लोविसाची दातांची नेहमीची तपासणी होती आज. वरची उजवीकडची मागची दाढ — आत्ता कुठे गेल्या वर्षी उगवलेली, कायमची! — पिवळट तपकिरी पडली आहे आणि तिचा कोपरा ढासळलाय. बाकीच्या तीन दाढांवरही डाग आहेत. लोविसाने डॉक्टरचा आरसा चावला, त्याच्या पोटात लाथ हाणली आणि खुर्चीखाली जाऊन बसली. माणूस भला. म्हणाला, "जबरदस्ती मी करणार नाही. आणि ही दाढ माझ्या आवाक्यातलीही नाही. शहरात, सुंडस्वालला, फक्त लहान मुलांच्याच दातांचे तज्ज्ञ आहेत, त्यांच्याकडे पाठवतो. पण फार दिवस गेले तर दाढ हातची जाईल."

आपल्याला जमत नाही हे सरळ सांगणारा डॉक्टर! अशाला मी केक करून पाठवीन.

मला वाटलं, आता हिलेव्ही रडेल आणि मी समजूत घालीन. तर म्हणते कशी, "आई, मंगळवारी तू तिला काय देतेस?"

"म्हणजे?"

"कळतंय तुला. माझ्या घरात सहा दिवस साखरेचा कण नसतो. मग दाढ कशाने गेली?"

मी फोन ठेवून दिला. नाकाला मिरच्या झोंबल्या म्हणजे काय ते आज कळलं.

शुक्रवार, १९ जानेवारी

काही दिलेलं नाही. मनुकासुद्धा नाही!

मंगळवार, २३ जानेवारी

लोविसा आली नाही. हिलेव्हीने कळवलं, "सध्या ती शाळेतच थांबेल संध्याकाळपर्यंत." सध्या म्हणजे किती, ते नाही सांगितलं. मी दोघींपुरता शेपू घालून मासा केला होता. आइस्क्रीमची गाडी टिणटिणत गेली तेव्हा पडदा ओढून घेतला.

आपल्या गावात पोराचा दात किडला की लोक दाताकडे बघत नाहीत, आईकडे बघतात. शनिवार पाळला नाही वाटतं हिने! हिलेव्ही त्या नजरांना भ्यायली आहे, हे मला समजतं. पण म्हणून तिने तीच नजर माझ्यावर टाकावी?

रविवार, २८ जानेवारी

त्यांच्याकडे जेवायला. हिलेव्ही माझा कोट खुंटीला लावायच्या मिषाने खिसे चाचपत होती. सापडली एक घशाची गोळी.

"हे काय?"

"खोकल्याची."

"गोड असते ही."

"खाऊन बघ आणि सांग मला."

तिने खरंच तोंडात टाकली! असं तोंड वाकडं झालं की एरवी आम्ही दोघी पोट धरून हसलो असतो. आज नाही हसलो. लोविसा ताटातल्या बटाट्याचे बारीक बारीक तुकडे करत होती. मान वर न करता म्हणाली, "मी दात घासत नाही म्हणून भांडता ना तुम्ही?"

आम्ही दोघींनी एकदमच "नाही गं" म्हटलं आणि तिने आमच्यावर मुळीच विश्वास ठेवला नाही.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

आज क्रीमबनचा मंगळवार, ईस्टरच्या उपवासांआधीचा. सगळं गाव बेकरीसमोर. मी एकटीने खाल्ला, कोमट दुधात भिजवून मऊ करून. नेहमीसारखाच.

सुंडस्वालची तारीख लागली. परवाच! हिलेव्हीने विचारलं, येशील का बरोबर, ती तिथे खुर्चीखाली शिरली तर मला एकटीला आवरणार नाही. येईन म्हटलं. पण दातांच्या खोलीत पाऊल टाकणार नाही. "ठाऊक आहे," म्हणाली. लहानपणापासून बघते आहे ती. मी दारापर्यंतची आई.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

आजचा दिवस सगळा लिहून ठेवायचा आहे. हात दुखला तरी.

आगगाडीने गेलो. लोविसा ओठ आवळून बसलेली, जसं काही डब्यातच कुणी तिचं तोंड उघडणार होतं. मलाही दवाखान्याच्या जिन्यातच तो लवंगेसारखा वास आला आणि तळहात ओले झाले. आमच्या वेळी शाळेतच खोली होती. वर्गात नाव पुकारायचे. एक बाई हात खुर्चीला दाबून धरायची आणि डॉक्टर ते दात कोरायचं पट्ट्यावरचं यंत्र पायाने सुरू करायचे. त्यांना अरे-तुरे करायची तेव्हा सोय नव्हती. "डॉक्टरांची हरकत नसेल तर" अशी सुरुवात करावी लागे, आणि तोंडात त्यांची बोटं असताना ती कशी करणार?

तर मी दाराबाहेरच्या खुर्चीवर बसले. दार मात्र उघडंच होतं, त्यामुळे सगळं दिसत होतं.

इथली डॉक्टर मार्युत. फिनलंडची, पन्नाशीची, करड्या केसांची जाड वेणी. बोलणं मोजकं. ती लोविसापेक्षा खाली, एका बुटक्या स्टुलावर बसली. तोंड उघड म्हणून म्हणालीच नाही! जवळजवळ अर्धा वेळ नुसती शाळेची, कुत्र्यांची चौकशी. मग विचारलं, "आइस्क्रीम खातेस?"

"मला थंड आवडत नाही."

"आवडत नाही, की दुखतं?"

लोविसा विचारात पडली. मग म्हणाली, "आवडत नाही म्हणजे तेच ना? दुखतं म्हणून आवडत नाही. आजीलापण नाही आवडत."

मार्युतने दाराबाहेर माझ्याकडे पाहिलं. मी मासिकात डोकं घातलं.

"आणि ब्रश?"

"जीभ अशी वर ठेवते दाढेवर. पण आई म्हणते जीभ काढ."

हिलेव्हीच्या हातातली टोपी खाली पडली. उचललीसुद्धा नाही तिने.

मग मार्युत म्हणाली, "मला एकदा बघायचं आहे. तू हात वर केलास की मी थांबणार. का केलास ते विचारणार नाही." आणि आमच्या हट्टी बयेने तोंड उघडलं! आपण होऊन!

बघून झाल्यावर ती हिलेव्हीकडे वळली. "ही दाढ किडून खराब झालेली नाही. ती कच्चीच उगवली. लोविसा तान्ही होती तेव्हा ही दाढ हिरडीच्या आत घडत होती, त्या वेळी वरचं कवच नीट घट्ट झालं नाही. नेमकं कशामुळे, ते सांगता येत नाही. पुष्कळ मुलांचं होतं असं."

"पण गोड—" हिलेव्ही म्हणाली.

"गोडाने झालेलं नाही."

"समजा, मंगळवारी कुणी दिलं असेल तर?"

"मंगळवारी दिलं असतं तरी नाही. तुझ्यामुळे नाही, कुणाच्याच चुकीमुळे नाही." मग जरा थांबून, "अशा दाढेला नुसती थंड हवाही झोंबते. ब्रशाने तर कळ जाते. ती हट्टी नाही. ती वर्षभर दुखणं सोसते आहे, आणि सगळ्यांना असंच होतं असं समजते आहे. आजपासून कोमट पाण्याने घासा."

कोमट पाणी! एवढंच!

हिलेव्ही रडली. मीही दाराबाहेर मासिक भिजवलं. आम्ही दोघींनी महिना खिसे चाचपण्यात आणि रुसण्यात घालवला, आणि पोरीला कुणी विचारलं नाही की बाळ, तुला दुखतं का. हे विचारायला एवढ्या लांब, एक अनोळखी बाई लागली. तिचे उपकार कसे फेडायचे मला कळत नाही.

दाढेवर तात्पुरता लेप लावून दिला आहे. पुढे तिच्यावर पोलादी टोपी बसवायची, म्हणजे ती झाकली जाईल, दुखणार नाही आणि टिकेल. पण त्यासाठी हिरडीत सुई द्यावी लागणार आणि लोविसाने ती देऊ द्यायला हवी. नाही देऊ दिली तर दाढ तुटत जाणार आणि मग काढावीच लागेल. मार्युतने हे लोविसालाच सांगितलं, मोठ्या माणसाला सांगावं तसं.

परत गाव आलं तेव्हा हिलेव्हीने माझी पिशवी माझ्या हातातून काढून घेतली आणि घरापर्यंत तीच घेऊन चालली. माझ्या लेकीची माफी अशीच असते. मला चालते.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

कोमट पाण्याने दात घासले. रडणं नाही, भिरकावणं नाही. हिलेव्हीने मला फोनवर ब्रशाचा आवाज ऐकवला! मी दात घासण्याचा आवाज ऐकत फोन कानाला धरून उभी. वेड लागलंय दोघींना.

मंगळवार, २० फेब्रुवारी

मंगळवार परत मिळाला. शाळेच्या फाटकात लोविसा मला येऊन अशी धडकली की मी बर्फात बसलेच.

संध्याकाळी आइस्क्रीमची गाडी आली. लोविसा काचेशी. या वेळी मी तिच्या शेजारी उभी राहिले. "टोपी बसली की मी जाणार," म्हणाली. म्हणजे इतके दिवस आवडत होतंच!

मंगळवार, १२ मार्च

चिडले आहे. लिहून टाकते म्हणजे झोप लागेल.

टोपीचा दिवस होता. मी आणि लोविसा दोघीच गेलो. नाकावर लावायचा, भीती घालवणाऱ्या वायूचा मुखवटा तिने स्वतः निवडला, स्ट्रॉबेरीच्या वासाचा. खुर्चीत आडवी झाली शहाण्यासारखी. मार्युतने दाढ कोरडी करायला जराशी हवा मारली आणि लोविसाचा हात वर! मार्युत त्याच क्षणी थांबली. नळी खाली ठेवली. "पुन्हा करू या?" लोविसाने नाही म्हणून मान हलवली. "बरं. आज इथेच थांबू."

इथेच थांबू? मी दारातून म्हटलं, "अगं, आम्ही एवढ्या लांबून आगगाडीने आलो! जरा धरून ठेवलं असतं तर एव्हाना झालंही असतं."

मार्युत रागावली नाही. हातमोजे काढत म्हणाली, "झालं असतं. आणि पुढच्या वेळी ती जिन्यातूनच परत फिरली असती. आज तिला एक गोष्ट पक्की कळली, हात वर केला की मी खरंच थांबते."

"आणि तोवर दाढ गेली म्हणजे?"

"दोन आठवडे निघतील. नव्याने लेप लावते. त्यापुढची खात्री मी देत नाही."

खात्री देत नाही म्हणे! मी तणतणत गाडीत बसले. समुद्रावरचा बर्फ तडकलेला दिसत होता. लोविसा पाय हलवत बसली होती, मजेत. आणि मग म्हणाली, "आजी, ती थांबली. मी हात वर केला आणि ती लगेच थांबली!" असं सांगत होती जसं काही बक्षीस मिळालं होतं.

माझा राग तिथेच उतरला. म्हणजे चिडले आहे असं वर लिहिलंय खरं, पण लिहिता लिहिता कळतंय की चिडले नव्हते. माझ्यासाठी कुणी कधी थांबलं नाही, ते आठवलं होतं.

बुधवार, १३ मार्च

दाढ टिकू दे. एवढंच.

मंगळवार, २६ मार्च

झालं! बसली टोपी!

जिन्यात लोविसा माझ्या पुढे. पुढे! दाराशी वळून म्हणाली, "आजी, तू आत ये. बाहेरून तू नीट दिसत नाहीस." मी म्हटलं, मी इथेच बरी. "पण मला तुझा हात धरायचाय."

सहासष्ट वर्षांची घोडी, कोटाची सगळी बटणं लावून आत गेले. भिंतीवर अस्वलांची चित्रं. खुर्चीला कुठे पट्टे नाहीत, कुणाचे हात दाबणारी बाई नाही. मी लोविसाचा उजवा हात धरला. डावा तिच्याकडेच हवा, वर करायला.

वायू. मग हिरडीला बधिर करणारा मलम. मार्युत प्रत्येक गोष्ट आधी सांगे, मग दाखवे, मग करी. सुई देताना लोविसाचा डावा हात उचलला. अर्ध्यावर आला. मार्युत थांबली. लोविसाने छताकडे बघत थोडा विचार केला आणि हात आपणच खाली घेतला.

ड्रिल नाहीच! दोन-तीन छोट्या चकचकीत टोप्या लावून पाहिल्या, एक नेमकी बसली, ती चिकटवून दाबली. "आता कापसावर जोरात चाव." चावली. झालं. मी घामाने निथळत होते आणि पेशंट विचारत होती, "आरसा कुठे आहे?"

आरशात बघून म्हणाली, "मी चाचा आहे!" म्हणजे चमकत्या दाताची, समुद्रावर जहाजं लुटणारी. मार्युत पहिल्यांदा हसली. तिचाही एक दात मागे चमकतो, असं दिसलं.

बाकीच्या तिन्ही दाढांवर ती हळूहळू लेप चढवणार, आणि मुलगी मोठी होईपर्यंत बघत राहणार. मी निघताना तिचा हात दोन्ही हातांत धरला. काहीतरी चांगलं बोलायचं होतं. तोंडातून निघालं, "तू फार कमी बोलतेस." "फिनलंडमध्ये मला बडबडी म्हणतात," ती म्हणाली. आम्ही दारात पोचलो तेव्हा तिने पुन्हा माझ्याकडे बघितलं, पहिल्या दिवशी आइस्क्रीमच्या बोलण्यात बघितलं होतं तसंच.

जगात अशी माणसं आहेत, जी सगळं शिक्षण संपल्यावर आणखी काही वर्षं फक्त एवढ्यासाठी शिकतात की लहान मुलांचे दात कसे बघायचे. मला आधी वाटायचं, दात लहान, तर काम सोपं. मूर्ख मी. देव त्यांचं भलं करो.

शनिवार, ३० मार्च

ईस्टरचा शनिवार. हिलेव्हीने लोविसाला खाऊने भरलेलं कागदी अंडं दिलं. या वेळी पोरीने आधी कडक गोळ्या उचलल्या आणि कडाकडा चावल्या! हिलेव्हीने डोळे मिटून घेतले, पण अडवलं नाही. मलाही एक अंडं मिळालं, छोटं. आत सगळ्या घशाच्या गोळ्या! आता मात्र हसलो. मी तोंडावर हात धरून हसते तशी, ती मोठ्याने.

मंगळवार, २ एप्रिल

हिलेव्हीला सुट्टी, तीही इथेच. गाडीचं टिणटिण ऐकलं आणि लोविसा चिखलातून धावली — पहिली! हिलेव्हीने खोकं घेतलं आणि रस्त्यातच फोडलं. "आज मंगळवार आहे," मी म्हटलं. "माहीत आहे, आई," म्हणाली आणि एक माझ्यापुढे धरलं.

"मला थंड आवडत नाही."

लोविसा चाटायची थांबली. मार्युत बघते तशी माझ्याकडे बघत राहिली. "आवडत नाही, की दुखतं?"

हिलेव्हीही थांबली. आइस्क्रीम तिच्या बोटांवरून ओघळत होतं.

"दुखतं," मी म्हटलं.

"मग मी येईन तुझ्याबरोबर," लोविसा म्हणाली. "आतपर्यंत."